चाचणीत कोणी दगावले नाही, म्हणून?

उत्तेजक पूरकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की उत्पादक क्लिनिकल चाचण्यांचे कागद पुढे करतात: एवढ्या चाचण्या झाल्या, एकही मृत्यू नाही. हा युक्तिवाद किती तोकडा आहे ते अमेरिकेतल्या एफेड्राच्या प्रकरणात उघड झाले. वजन घटवण्यासाठी एफेड्रा या वनस्पतीचा अर्क आणि कॅफिन यांच्या गोळ्या तिथे धडाक्यात खपत होत्या, आणि १९९४च्या कायद्यामुळे पूरक असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी एफडीए या औषध नियामक संस्थेवरच होती. रँड संस्थेच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये ५२ चाचण्या तपासल्या. त्यांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांची नोंद खरोखरच नव्हती. पण सगळ्या चाचण्यांतली माणसे एकत्र केली तरी हजारात एकापेक्षा कमी वेळा घडणारी गंभीर घटना त्यांत सापडण्याइतकी संख्या भरत नव्हती. शिवाय चाचणीत माणसे पारखून घेतात आणि मात्रा मोजून देतात. दुकानातून डबा उचलणाऱ्याचा रक्तदाब कोण बघतो? लेबलचाही भरवसा नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत वीसपैकी निम्म्या उत्पादनांत छापलेले आणि प्रत्यक्षातले प्रमाण यांत २० टक्क्यांहून अधिक तफावत निघाली.

मग हाती उरतात दुष्परिणामांच्या घटनांचे अहवाल, आणि त्यांवरचा आक्षेप आपल्या परिचयाचा आहे: लाखो लोक एखादी गोष्ट घेतात तेव्हा त्यांतल्या काहींना योगायोगानेही झटका येणारच. सुट्या अहवालापुरते हे रास्तच आहे. परंतु हॅलर आणि बेनोविट्झ या संशोधकांनी जून १९९७ ते मार्च १९९९ मधले १४० अहवाल एकेक करून पारखले, तेव्हा ३१ टक्क्यांत एफेड्राचा संबंध निश्चित किंवा बहुधा असल्याचे आणि आणखी ३१ टक्क्यांत तो शक्य असल्याचे दिसले. या संबंधित घटनांत १० मृत्यू होते, १३ जणांना कायमचे अपंगत्व आले होते, आणि सर्वाधिक नोंद वाढलेल्या रक्तदाबाची होती. एफेड्रातले एफेड्रिन हृदयाची गती वाढवते, रक्तवाहिन्या आकुंचित करते. कॅफिन त्यात भर घालते. औषधशास्त्र जे सांगते तेच अहवालांत उमटत असेल, तर सगळा दोष योगायोगाच्या माथी मारता येत नाही. ‘चीनमध्ये मा हुआंग (म्हणजे एफेड्राच) शतकानुशतके वापरतात’ हा दाखला तर फारच सैल: दम्या-सर्दीसाठी वैद्याने थोडे दिवस दिलेला काढा वेगळा, आणि बारीक होण्यासाठी महिनोन्‌महिने कॅफिनसोबत घेतलेला अर्क वेगळा.

निकाल खरा लागतो तो लाभ किती हे पाहिल्यावर. रँडच्या विश्लेषणात प्लासिबोच्या तुलनेत महिन्याला जेमतेम ०.९ किलो जास्त वजन घटले होते, आणि सहा महिन्यांपलीकडची माहितीच नव्हती. एवढ्याशा लाभासाठी क्वचित येणारा पक्षाघातही महागच. एफडीएने २००४ मध्ये बंदी घातली ती याच तोलावर, आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने ती उचलून धरली.

एफेड्रा गेले, त्याच्या जागी कडू संत्र्यातले सिनेफ्रिन, डीएमएए अशी दुसरी उत्तेजके आली. जिमला जाणारा तरुण धडधडीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येतो, ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणतो, आणि ते त्याच्या लेखी खरेच असते. म्हणून डॉक्टरांनी पावडर, गोळ्या, ‘फॅट बर्नर’ असे नाव घेऊन विचारावे, डबा आणायला सांगावा, आणि संशय आल्यास लेबलवरचा सगळा मजकूर व बॅच क्रमांक यांसह भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे अहवाल पाठवावा, कार्यकारणभाव पक्का होण्याची वाट न बघता.