जुन्या बॅटरीचा खरा भाव



डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, एवढेच कारण. तेव्हा आपण विचारले होते : या स्वस्ताईची किंमत कोणी भरायची? तोच प्रश्न आज आम्ही आपल्या स्वतःच्या घरात विचारणार आहोत, कारण बॅटरी घेताना आणि विकताना ग्राहक आपण असतो.

हिंगणा तालुक्यातले कोणतेही साधे घर घ्या. ट्रॅक्टरला बॅटरी, पाठीवरच्या फवारणी पंपात बॅटरी, वीज गेली की लागणाऱ्या इन्व्हर्टरला बॅटरी. नागपुरात ई-रिक्षा वाढल्या. त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात थकतात. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे बॅटऱ्यांत जाते. बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच असते. म्हणून तर मेलेल्या बॅटरीलाही भाव येतो.

दारावरचा कबाडी दुकानदारापेक्षा चार पैसे जास्त देतो. ते कुठून देतो? परवान्याच्या कारखान्याला धूर गाळावा लागतो, आम्ल निकामी करावे लागते, कामगारांचे रक्त तपासावे लागते. हा सारा खर्च आहे. आडोशाला कुऱ्हाडीने बॅटरी फोडणारा, आम्ल नालीत ओतणारा, उघड्या भट्टीवर शिसे गाळणारा यातले काहीच करत नाही. शिसे ३२७ अंशांवर वितळते. त्याला कोळशाची भट्टी पुरते. पण त्याने टाळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो धूळ होऊन शेजारच्या अंगणात बसतो. त्याच अंगणात लेकरू रांगते आणि तोच हात तोंडात घालते.

पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे गरिबाच्या, अर्धपोटी पोराला मार अधिक. हे विष हाडांत साठते आणि मेंदूची वाढ खुंटवते. बहुतेक वेळा ना ताप येतो, ना पुरळ. पोरगे अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. औषधाने रक्तातले शिसे कमी करता येते, मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. सगळे बॅटऱ्यांचे नाही. रंग, भांडी, भेसळीचे मसाले हीही वाट आहे. पण बॅटरीची वाट किती भयंकर असू शकते ते आफ्रिकेतल्या सेनेगलने पाहिले. तिथे डकार शहराच्या एका वस्तीत २००७-०८ मध्ये जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाने पाच महिन्यांत १८ लेकरे दगावली.

भट्टीवाल्याला शिव्या देऊन आम्ही मोकळे होणार नाही. तोही पोटासाठीच करतो, आणि पहिले विष त्याच्याच लेकरांच्या अंगात जाते. दोष त्या भावाचा आहे, ज्यात पुरा खर्च धरलेलाच नाही. शेतमालाच्या भावात आपले श्रम धरले जात नाहीत. जुन्या बॅटरीच्या भावात लेकराचा मेंदू धरला जात नाही. लूट एकाच जातीची आहे. फरक एवढाच, की इथे चार पैसे आपल्या खिशात पडतात.

उपाय अशक्य नाही. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि गाड्या चालायच्या थांबल्या नाहीत. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून कारखान्यात नेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. ती पार पाडायची तर कंपनीने कबाडीइतका भाव गावात येऊन द्यावा. ही मागणी बैठकीत ठरावाने मांडा. तोवर जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या आणि पावती मागा. घरी बॅटरी फोडू नका, शिसे वितळवू नका.

दुसऱ्याच्या स्वस्ताईसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या भरत आलो. आपल्या स्वस्ताईसाठी कुणाच्या लेकराला भरायला लावणे आपल्याला शोभणार नाही.