तेल खाणारी अळंबी



न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्यांना हे दुखणं ठाऊक असेल: अंगणात पुरलेली हीटिंग ऑइलची टाकी. आमची गळकी निघाली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, माती खणून ट्रकने न्यायची. आकडा ऐकून दोन दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही. मग सौ.ने विचारलं, "ती धिंगरी अळंबी तेल खाते म्हणे, खरं का?"

खरं आहे हो! लाकडातलं लिग्निन फोडायला ही बुरशी जी एन्झाइम्स बाहेर सोडते, तीच डिझेलमधली किचकट संयुगंही तोडतात. १९९८ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला पॉल स्टॅमेट्स यांनी बॅटेल प्रयोगशाळेबरोबर डिझेलने काळ्या पडलेल्या मातीच्या ढिगात ती मिसळली. काही आठवड्यांनी ताडपत्री काढली, तर ढीग अळंब्यांनी भरलेला! मागोमाग माश्या आल्या, पक्षी आले, त्यांच्याबरोबर आलेल्या बिया रुजल्या. शेजारचे ढीग मात्र तसेच काळे आणि घाण वास मारणारे.

(भजी तळायचा विचार करू नका. मातीतले जड धातू बुरशीला मोडता येत नाहीत, उलट ते अळंबीतच साठू शकतात.)

पण बुरशीला हवा लागते. आमचं तेल खोल, घराच्या पायाला लागून. म्हणजे खणणं आलंच, शिवाय माती स्वच्छ झाल्याचा लॅब रिपोर्ट राज्य सरकारला द्यायचा तो वेगळाच. असो.

ट्रक गुरुवारी येतोय. अशा गळतीचे पैसे कुणी विम्यातून वसूल केले असतील, तर जरूर कळवा.