आधी अर्थ, मग संज्ञा

संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या आता शाळेपर्यंत आली आहे. सहावी ते आठवीच्या टप्प्यावर तिचा परिचय व्हावा, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. आमच्या बेळगुंदीसारख्या सीमाभागातील गावी मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि संगणकापुढे बसले की त्याची गाठ इंग्रजीशी पडते. 'ही विद्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचीच' असा पालकांचा ग्रह होतो, तो येथे. हा ग्रह दूर केला पाहिजे.

या विद्येतील पुष्कळशा संज्ञा मुळात घरगुती शब्द आहेत. 'इफ', 'व्हाइल', 'लूप' हे शब्द इंग्रज मुलास आईच्या तोंडून मिळालेले असतात. आपल्या मुलास ते मंत्रासारखे पाठ करावे लागतात. म्हणून अर्थ आधी मराठीत रुजवावा, संज्ञा मागाहून सांगावी. 'पाऊस आला तर छत्री उघड, नाही तर मिटून ठेव' हे ज्यास कळते, त्यास 'इफ' आणि 'एल्स' कळलेच. कन्नडमध्ये हीच अट 'मळे बंदरे' अशी क्रियापदाच्या शेवटी येते. सीमाभागातील मुलांना तीही परकी नाही. 'घागर भरत नाही तोपर्यंत तांब्याने पाणी ओत' हा झाला 'व्हाइल लूप'. घागर गळकी असेल तर काय होईल, असे विचारावे. कधीच न थांबणारी आज्ञा कशी असते, ते मूल आपण होऊन सांगेल.

खरी अडचण 'गुण = गुण + 1' या ओळीपाशी येते. बीजगणित शिकलेले मूल हे चूक म्हणते, आणि बीजगणिताच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पायथनसारख्या संगणकभाषेत हे चिन्ह समानता सांगत नाही. उजवीकडे आलेली किंमत डावीकडील नावाखाली ठेव, असे सांगते. फडताळातील डब्यावर 'साखर' ही चिठ्ठी कायम असते, आतील साखर मात्र कमीजास्त होते. 'चल' म्हणजे असा डबा. 2008 साली आलेल्या पायथन 3 पासून या डब्यांना 'भाव', 'वजन' अशी देवनागरी नावेही देता येतात. 'इफ', 'व्हाइल' हे आज्ञाशब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात.

मग प्रत्येक संज्ञेस संस्कृत प्रतिशब्द घडवावा काय? 'चल' बीजगणितात रूढ आहे, तो अवश्य वापरावा. पण 'लूप'साठी जड शब्द घडविल्यास मुलावर एकाऐवजी दोन परक्या शब्दांचे ओझे पडते. 'अल्गोरिदम' हा शब्द तरी इंग्रजीचा कोठे? भारतीय अंकगणनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून तो लॅटिनमार्गे आला आहे.

संगणक न शिकलेल्या आईवडिलांनाही येथे करण्यासारखे काम आहे. मुलाने नवी संज्ञा घरी आणली की 'हे आपल्या भाषेत सांग पाहू' एवढेच म्हणावे. सांगता आले, तर ते समजले आहे. न आले, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना पुन्हा विचारावयास निःसंकोच धाडावे.