विश्लेषण : व्यसनमुक्तीची रॅली निघते, पण पोरांच्या संध्याकाळचं काय?

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. शाळांतून रॅली निघते, शपथ होते, फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. संध्याकाळी मात्र टपरीवर पुड्या सुटतच असतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी माल मिळतो, हे गावात कुणाला नव्यानं सांगायला नको. उपदेशानं पोरं थांबत नसतील, तर थांबतात कशानं? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन यांनी या प्रश्नामागे अख्खी कारकीर्द घातली.

पदार्थ नव्हे, अवस्था

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिल्कमन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात होते. माणूस एक नशा सोडून दुसरी का निवडतो, हे ते तपासत होते. हेरॉईन घेणाऱ्याला ताणातून सुटून बधिर व्हायचं असतं, तर अ‍ॅम्फेटामाइनसारखी उत्तेजक नशा करणाऱ्याला अंगात जोर आणून ताणाला भिडायचं असतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे ओढ मनाच्या त्या अवस्थेची असते. मग तीच झिंग, तोच निवांतपणा नशेशिवाय देता आला तर?

१९९२ मध्ये डेन्व्हर शहरात त्यांच्या गटानं तसा प्रकल्प सुरू केला. नशापाणी आणि किरकोळ गुन्ह्यांत अडकलेल्या मुलांना त्यांनी 'व्यसन सोडा' म्हटलं नाही. 'काय शिकायचंय ते सांगा, आम्ही शिकवतो' असं सांगितलं. संगीत, नाच, चित्रकला, मार्शल आर्ट असं काहीही. प्रकल्प तीन महिन्यांचा होता, पण काही मुलं पाच वर्षं टिकली.

आइसलँडमध्ये काय झालं?

मिल्कमन यांचा हा विचार आइसलँड या छोट्या देशानं उचलला. तिथं १९९० च्या दशकात पोरांची अवस्था वाईट होती. स्थानिक संशोधकांनी शाळाशाळांत मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. नशेपासून लांब असलेल्या पोरांत चार गोष्टी सारख्या निघाल्या : आठवड्यातून तीन-चार वेळा खेळ किंवा छंदवर्ग, आईवडिलांसोबत वेळ, शाळेत आपली कुणी काळजी करतं ही भावना आणि रात्री उशिरा बाहेर न भटकणं.

मग सरकारनं खेळ, संगीत, नाच यांच्या मंडळांना पैसा दिला. १३ ते १६ वयाच्या मुलांना हिवाळ्यात रात्री १० नंतर एकट्यानं बाहेर राहायला मनाई केली. शाळाशाळांत पालक संघटना उभ्या राहिल्या. परिणाम असा : महिनाभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली १५-१६ वर्षांची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली.

सगळं श्रेय या योजनेचंच, असं म्हणता येणार नाही. त्या काळात युरोपातल्या इतर देशांतही पोरांचं पिणं कमी झालं. शिवाय आइसलँड श्रीमंत आहे. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एक-दोन तालुक्यांएवढीच.

आपल्या गावात काय करता येईल?

कायदा आपल्याकडे आहेच. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिला, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांनी ठरवलं, तर टपरीवर वचक बसू शकतो.

पण टपरी हटवली तरी पोरगं संध्याकाळी जाणार कुठं? शाळा सुटली की मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं. वाचनालय असलं तर उघडं असेलच असं नाही. मुलींना तर मैदानावर जागाच नसते. आईबाप ऊसतोडीला गेलेले असले, तर घरी आजी एकटी. तिथं 'पालकांसोबत वेळ' हा सल्ला फुकाचा ठरतो. अशा पोरांसाठी गावातलंच कुणीतरी मोठं माणूस लागेल.

मैदानावर दिवा, कबड्डीची चटई, भजनाच्या पेटी-तबल्याचा वर्ग, शिकवणाऱ्याला थोडं मानधन, याला आइसलँडएवढा पैसा लागत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढा विषय तरी मांडता येतो : शाळेचं मैदान संध्याकाळी पाच ते आठ उघडं ठेवायचं आणि किल्ली कुणाकडे द्यायची.