नोंदवहीतला घोडा, नोंदीबाहेरचा माणूस

घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पुतळ्यावरचा राजा, शर्यतीचे मैदान, नाहीतर नवरदेवाची वरात. आपल्या देशात घोडा हे मानाचे जनावर. त्यावर कोणी बसावे आणि कोणी बसू नये, हेही समाजाने ठरवून टाकलेले. आजही देशाच्या काही भागांत नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या येतात. राबायला बैल आणि मिरवायला घोडा, अशी आपल्याकडची वाटणी. म्हणूनच आज आम्ही वाचकांना एका वेगळ्या घोड्याची ओळख करून देणार आहोत. हा घोडा आयुष्यभर राबला, आणि त्याचे काम संपले तेव्हा तोही जवळजवळ संपलाच होता.

या घोड्याचे नाव सफोक पंच. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक नावाचा परगणा आहे, तेच याचे गाव. 'पंच' म्हणजे तिकडच्या बोलीत आखूड आणि भरदार अंगाचा गडी.

येथे एक खुलासा केला पाहिजे. जनावरांच्या बाबतीत 'जात' हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो लिहिताना आमची लेखणी अडखळते. म्हणून या लेखात आम्ही 'वाण' म्हणणार आहोत. जनावरांचे वाण माणसानेच आपल्या सोयीसाठी नर-मादी निवडून तयार केलेले असतात. तो हिशोब माणसांना लावणाऱ्यांनी काय अनर्थ केला, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

सफोक घोडा खांद्यापाशी साधारण साडेपाच फूट उंच भरतो. वजन मात्र ९०० ते १००० किलो, म्हणजे जवळजवळ टनभर. मान जाड, छाती रुंद, पाय आखूड. रंग एकच, तांबूस. काळपट तांबड्यापासून फिकट सोनेरीपर्यंत त्याच्या सात छटा परंपरेने मानल्या जातात. गंमत अशी की या रंगाचे इंग्रजी नाव 'चेस्टनट' लिहिताना सफोकवाले मधला एक 'टी' आजही गाळतात. जुन्या नोंदवहीत तसे लिहिले होते, म्हणून तसेच चालू ठेवले. आम्हा कारकून मंडळींना हे चांगलेच समजते.

ब्रिटनमधल्या शायर, क्लाइड्सडेल या दुसऱ्या अवजड घोड्यांच्या पायांवर खुरापर्यंत लांब केसांचे झुपके असतात. दिसायला ते शोभिवंत. पण सफोकची माती चिकण आणि जड. पावसाळी दिवसांत तिचा चिखल झुपक्यांत अडकून बसतो, पाय ओले राहतात, त्वचा बिघडते. सफोक घोड्याच्या पायांवर हे झुपके जवळजवळ नाहीत. शिवाय हे जनावर स्वभावाने शांत, लवकर कामाला येणारे, पुष्कळ वर्षे जगणारे आणि अंगाच्या मानाने कमी दाण्यावर भागवणारे. पडलेल्या झाडाच्या खोडाला जुंपले तर गुडघ्यांवर येऊन ओढ लावतो, अशी त्याची ख्याती होती. विकत घेणारे तशी परीक्षाही घेत.

दोष नव्हते असे नाही. पूर्वी या वाणाचे खूर कच्चे अशी तक्रार होती. तेव्हा पाळणाऱ्यांनी दोष झाकून ठेवला नाही. प्रदर्शनांत खुरांसाठी वेगळी बक्षिसे ठेवली आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या खुरांची जनावरे निवडून तो दोष कमी केला.

आता मूळ पुरुषाकडे वळू. आजचे सर्व सफोक घोडे बापाच्या बाजूने एकाच घोड्यापर्यंत जाऊन पोहोचतात. तो १७६८ साली वुडब्रिज गावाजवळ जन्मला. अफर्ड गावच्या टॉमस क्रिस्प नावाच्या शेतकऱ्याचा तो होता. वाण त्याच्या आधीपासून होता, पण बाकीच्या नरांचे वंश टिकले नाहीत. या घोड्याला स्वतःचे नाव नाही. तो इतिहासात 'क्रिस्पचा घोडा' म्हणूनच ओळखला जातो. एवढ्या मोठ्या वंशाचा बाप, आणि नाव मालकाचे!

१८७७ साली सफोक हॉर्स सोसायटी स्थापन झाली. हर्मन बिडेल या गृहस्थांनी जुने कागद, जाहिराती आणि लोकांच्या आठवणी गोळा करून १८८० साली पहिली वंशनोंदवही छापली. कोणता घोडा कोणाचा, बाप कोण, आई कोण, रंग कोणता, याची ती नोंद. याच वह्यांमुळे पुढे हा वाण वाचला, हे आम्ही कौतुकाने लिहितो.

पण त्याच काळातली दुसरी हकीकत लिहिली नाही तर आमचा हिशोब जुळणार नाही. १८७४ साली, म्हणजे सोसायटी निघण्याच्या तीनच वर्षे आधी, याच भागातल्या शेतमजुरांनी आठवड्याच्या मजुरीत एक शिलिंग वाढ मागितली. ते नुकतेच संघटित झाले होते. मालकांनी उत्तर दिले ते टाळेबंदीने. हजारो मजूर कामावरून काढले गेले आणि अखेर त्यांना माघार घ्यावी लागली. घोड्याच्या खापरपणज्याची नोंद ठेवणाऱ्या त्या भागात, घोडा हाकणाऱ्या मजुराला एक शिलिंग जड झाला होता.

हा मजूर करत काय असे? पहाटे चार वाजता तबेल्यात हजर. कामावर निघण्याआधी घोड्याला दोन तास तरी सावकाश चारावे लागते, नाहीतर पोट बिघडते. मग खरारा, मग साज चढवणे. साडेसहाच्या सुमारास औत शेतात, ते दुपारी अडीचपर्यंत. एक एकर नांगरायचे म्हणजे नऊ इंच रुंदीच्या तासाने ११ मैल चालणे होते. घोडाही ११ मैल, माणूसही ११ मैल. दुपारनंतर पुन्हा तबेल्याचे काम. तबेल्यात कामाची उतरंड होती. मुख्य घोडेवाला पुढे, त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा, आणि त्याच क्रमाने घोडे बाहेर पडत. पहिले तास सरळ पडले की नाही, हे रविवारी गावातले लोक कुंपणावरून बघून जात.

आपल्या घोड्याची त्याला एवढी माया, की मालकाने मोजून दिलेला दाणा कमी वाटला तर तो कोठीतून चोरून जास्तीचा आणी. चोरी स्वतःच्या घरासाठी नव्हे, मालकाच्याच घोड्यासाठी! अंगावर तुकतुकी यावी म्हणून औषधी पाला तो पदरचे पैसे घालून आणी.

या मजुरांची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. ती घेतली जॉर्ज एवर्ट इव्हान्स या माणसाने. हा मूळचा वेल्सच्या कोळसा खाणींच्या मुलखातला. १९४८ साली तो सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल गावी राहायला आला, कारण त्याच्या पत्नीला तेथल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. पत्नी शाळेत, आणि हा घरी मुले सांभाळून लिहिणारा. त्याला ऐकू कमी येई. पण शेजारपाजारच्या म्हाताऱ्या मजुरांजवळ बसून त्याने जे ऐकले, ते तोपर्यंत कोणी कान देऊन ऐकले नव्हते. १९५६ साली त्याचे 'आस्क द फेलोज हू कट द हे', म्हणजे गवत कापणाऱ्यांनाच विचारा, हे पुस्तक आले. १९६० साली 'द हॉर्स इन द फरो' आले, ते या घोड्याचे आणि त्याच्या माणसांचे.

त्यातली एक गोष्ट आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. सफोकच्या घोडेवाल्यांबद्दल लोकांत समजूत होती की त्यांना जादू येते. एखादा घोडेवाला चालता घोडा जागच्या जागी असा खिळवी, की चाबकाने मारले तरी पाऊल टाकणार नाही. दुसऱ्या कोणाला तो हलवता येत नसे. बेडकाचे विशिष्ट हाड रात्री वाहत्या पाण्यातून मिळवले की ही शक्ती येते, असे सांगत. इव्हान्सने हसण्यावारी नेले नाही आणि भाबडेपणाने मानलेही नाही. त्याने विचारपूस केली. तेव्हा उलगडा झाला की सगळा खेळ वासाचा आहे. घोड्याचे नाक फार तिखट. त्याला किळस येईल असा पदार्थ पुढे चोपडला की घोडा त्या वासापुढे जात नाही. तो वास दुधासारख्या पदार्थाने मारला की घोडा चालू लागतो. आवडीचा वास असला तर मागे मागे येतो. हाड हे नुसते आवरण होते. आपली विद्या आणि त्याबरोबर आपली किंमत टिकवण्यासाठी गरीब माणसाने ती गूढतेत गुंडाळली होती. चमत्कार असा काही नव्हता. होते ते बारीक निरीक्षण, आणि तेही शाळा न पाहिलेल्या माणसाचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर ट्रॅक्टर आला. सफोकची शेते मोठी आणि सपाट, तेथे यंत्र झपाट्याने शिरले. शायर आणि क्लाइड्सडेल यांना शहरातल्या मालवाहतुकीचे कामही होते. सफोक हा फक्त शेताचा घोडा. शेतातून निघाला, त्याला दुसरे दार नव्हते. पुष्कळ घोडे खाटकाकडे गेले. १९६६ साली संपूर्ण वर्षात फक्त ९ शिंगरांची नोंद झाली. गिरण्यांचे भोंगे बंद होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या कठीण काळात ज्या ठिकाणांनी वाण धरून ठेवला, त्यांत एक नाव येते होझली बे या वसाहतीचे. समुद्रकाठची ही जमीन १९०५ साली जोसेफ फेल्स या अमेरिकन साबण कारखानदाराने घेतली आणि लंडनमधल्या बेकार कामगारांना काम देण्यासाठी वापरू दिली. त्या प्रयत्नात मजूर पक्षाचे पुढारी जॉर्ज लान्सबरी होते. पुढे १९३८ साली तेथे गुन्हेगार ठरलेल्या तरुणांचे सुधारगृह झाले, नंतर तुरुंग. घोडे मात्र तेथेच राहिले. त्यांना चारणे, खरारा करणे, औताला जुंपणे हे काम कैद्यांकडे होते. ज्यांना समाजाने बाहेर टाकले, त्यांच्या हातून एक वाण जगला. तुरुंग खात्याने घोडे काढायचे ठरवले तेव्हा लोकांनी पैसे जमवले आणि २००६ साली सफोक पंच ट्रस्टने ते विकत घेतले.

आज हा घोडा जिवंत आहे, पण सुखरूप नाही. ब्रिटनमध्ये त्याची संख्या काही शेकड्यांतच आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्टने त्याला अत्यंत धोक्यातल्या वाणांत धरले आहे. अडचण दुहेरी आहे. एक तर विणाऱ्या घोड्या थोड्या. त्यासाठी वीर्य गोठवून साठवले जाते, आणि २०२० साली नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या सहकार्याने, घोडीच जन्मावी अशी वीर्याची निवड करून एक शिंगरू जन्माला घातले गेले. दुसरी अडचण, सगळे एकाच बापाचे. जवळच्या नात्यात जोड्या लावल्या तर दोष वाढतात. म्हणून कोणती घोडी कोणत्या नराला द्यायची, हे ठरवताना १८८० पासूनच्या त्याच वह्या उघडाव्या लागतात.

पण वही आणि वीर्य यांनी वाण टिकेल, घोड्याचे काम टिकणार नाही. टनभर वजनाचे जनावर जुंपायचे कसे, त्याच्याशी बोलायचे कसे, कधी थांबवायचे, हे माणसाकडून माणसाकडेच जाते. सुदैवाने काही तरुण-तरुणी हे शिकत आहेत. जंगलात जेथे यंत्राने जमीन तुडवली जाते, तेथे ओंडके ओढायला असे घोडे आजही लावतात. इप्सविच शहराच्या फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर सफोक घोडा आहे, पण चिन्हावर राहणे आणि शेतात राहणे यांत फरक आहे.

आमचा पेशा नोंदी ठेवण्याचा. त्यामुळे या हकीकतीतून आम्ही आमच्यापुरता एक धडा घेतला, तो वाचकांपुढे ठेवतो. घोड्याची नोंद पहिल्यापासून झाली, म्हणून तो शोधता आला. मजुराची नोंद व्हायला इव्हान्स यावा लागला, आणि तोपर्यंत कितीतरी जण न बोलता गेले होते. आपल्या घरातले आजोबा रेल्वेच्या गँगमध्ये असतील, गिरणीत साच्यावर उभे राहिले असतील. आजी बिड्या वळत असेल, बांधकामावर गेली असेल. त्यांच्या हातात कोणती विद्या होती, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?

येत्या रविवारी दोनशे पानी वही आणा. मुलीला किंवा मुलाला आजीजवळ बसवा. एकच प्रश्न विचारू द्या: "आजी, तू कामावर नेमके काय करायचीस, ते पहिल्यापासून सांग." आजी म्हणेल, त्यात काय सांगायचे! तरी लिहून घ्या.