डोलीचे अंतर कोण मोजणार?

पावसाळा लागला की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या बाजूने एक बातमी हटकून येते. पाड्याचे नाव बदलते, बाईचे नाव बदलते. बातमी तीच असते. रात्री कळा सुरू झाल्या, रुग्णवाहिकेला फोन गेला, गाडी निघालीही. पण पुढे रस्ता नव्हता, किंवा ओढ्याला पूर होता. मग घरच्या माणसांनी बांबूला चादर बांधून डोली केली आणि चिखल तुडवीत त्या बाईला गाडीपर्यंत नेले. कधी वाटेतच ती बाळंत झाली. आम्ही ही बातमी छापतो, वाचक हळहळतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचा विसर पडतो. आज याच बातमीचा एका निराळ्या बाजूने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण कोणती गाडी कोठे पाठवावी हे ठरविण्याचे काम आता माणसाच्या हातून हळूहळू यंत्राकडे चालले आहे.

शहरातील वाचकांना हा बदल टॅक्सीच्या निमित्ताने परिचयाचा झालेला आहे. ओला किंवा उबरची गाडी मागविताना पलीकडे कोणी माणूस बसलेला नसतो. गाडी कोणती, चालक कोण, भाडे किती, हे सारे यंत्रच ठरविते. तेथे यंत्र चुकले तर फार तर आपली गाडी उशिरा येते. रुग्णवाहिकेच्या बाबतीत तो उशीर एखाद्याच्या प्राणावर बेतू शकतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिचे नियंत्रण पुण्याहून होऊ लागले. शहापूरच्या पाड्यावरचा माणूस फोन करतो, तेव्हा ज्याने तो पाडा कधी पाहिलेला नाही अशा कर्मचाऱ्याला त्याचे घाबरे बोलणे ऐकून घ्यावे लागते, ठिकाण ओळखावे लागते, आजाराचा अंदाज बांधावा लागतो आणि मोकळ्या गाड्यांपैकी एक निवडावी लागते. हे सारे काही मिनिटांत, आणि पुढचा फोन वाजत असताना. हे काम करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या मदतीला आता जगभर कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. ती संभाषण ऐकून रोगाची शंका व्यक्त करते, गाडी सुचविते, आणि कोणत्या वेळी कोठे गाडी उभी ठेवावी याचे भाकीतही करते. अशी यंत्रणा आपल्याकडेही येणार, आणि ती यावी. आम्ही यंत्राचे वैरी नाही. परंतु यंत्र येण्यापूर्वी काही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते इतरांच्या अनुभवावरून विचारणे शहाणपणाचे ठरेल.

लंडनमध्ये २६ ऑक्टोबर १९९२ रोजी रुग्णवाहिका पाठविण्याचे काम एका नव्या संगणकाकडे सोपविण्यात आले. गाड्या कोठे आहेत याची माहिती चुकू लागताच सारा कारभार कोलमडला. काही ठिकाणी एकाऐवजी दोन गाड्या गेल्या, काही ठिकाणी लोक ताटकळत राहिले. अखेर नोव्हेंबरच्या ४ तारखेला यंत्रणा पार बंद पडली आणि कर्मचाऱ्यांना पुन्हा कागदाचा आधार घ्यावा लागला. जवळजवळ निर्दोष माहिती मिळत राहील असे गृहीत धरून ती यंत्रणा उभारली होती, आणि अशी माहिती प्रत्यक्षात कधीच मिळत नसते. दुसरा अनुभव अलीकडचा, कोपनहेगनचा. फोनवरील बोलणे ऐकून रुग्णाचे हृदय बंद पडले आहे काय, हे ओळखण्यास तेथे यंत्राला शिकविले होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कामात यंत्र माणसांपेक्षा सरस ठरले; तथापि यंत्राचा इशारा मिळणारे कर्मचारी आणि न मिळणारे कर्मचारी यांच्या कामगिरीत म्हणण्यासारखे अंतर आढळले नाही. यंत्र हुशार असणे आणि रुग्णाची सेवा सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला धडा.

आता हे दोन्ही धडे घेऊन आमच्या शहापूर-मुरबाडकडे वळू. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. यंत्राच्या नकाशावर त्याची रेघ ठळक आहे. त्या रेघेपासून काही कोसांवर असलेल्या पाड्याची पायवाट मात्र नकाशावर नसते, आणि असली तरी ती जुलै महिन्यात ओढ्याखाली गेलेली असते हे त्यावर लिहिलेले नसते. आम्ही पूर्वी शाळेत भूगोल शिकवीत होतो. नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर आणि चालून पडणारे अंतर यांत फरक असतो, हे आम्ही मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगत असू. यंत्रालाही तेच सांगावे लागेल.

प्रश्न केवळ वाटेचा नाही. ठाकूर, कातकरी, वारली घरांतील बोली ही पुण्याची प्रमाण मराठी नव्हे. जे यंत्र शहरी मराठीवर पोसले गेले, त्याला मध्यरात्री भेदरलेल्या कातकरी नवऱ्याचे बोलणे कळेल काय? शिवाय अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कागदावर त्यांचे घर एका ठिकाणी आणि चूल दुसऱ्या ठिकाणी असते. हे सारे कोणास ठाऊक असते? गावच्या आशा सेविकेला ठाऊक असते. त्या रस्त्यावर गाडी चालविणाऱ्या चालकाला ठाऊक असते. त्यांचे हे ज्ञान आजवर कोणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून यंत्राच्या लेखी ते अस्तित्वातच नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घड्याळाची आहे. यंत्र जे मोजले जाईल त्यावरूनच शिकते. गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाला पोचताच ‘रुग्णवाहिका पोचली’ अशी नोंद झाली, तर त्यानंतरचा दोन तासांचा डोलीचा प्रवास कोठेच उमटणार नाही. यंत्र समजेल की या भागात गाड्या वेळेवर पोचतात, आणि मोकळी गाडी दुसरीकडे हलविण्याचा सल्ला देईल. त्यात यंत्राचा काही दोष नसेल. दोष त्या नोंदीचा असेल, आणि ती नोंद ठरविणाऱ्या माणसांचा असेल.

उलटपक्षी, हेच यंत्र नीट वापरले तर या तालुक्यांना त्याचा मोठा उपयोग आहे. अपघात सांगून येत नाही. बाळंतपण सांगून येते. कोणत्या पाड्यावरची कोण बाई कोणत्या आठवड्यात बाळंत होणार, याचा अंदाज आशा सेविकेच्या वहीत महिनोन्‌महिने आधी लिहिलेला असतो. त्या वहीला पावसाचा अंदाज जोडला, तर ओढा भरण्यापूर्वी गाडी पलीकडे नेऊन ठेवता येईल, किंवा त्या बाईला चार दिवस आधीच दवाखान्याजवळ आणता येईल. आदिवासी भागांसाठी माहेरघर योजना याच हेतूने आखलेली आहे. भाकीत करणे हा यंत्राचा गुण आहे. जेथे भाकीत इतके सोपे आहे तेथे तो गुण आधी कामी लावावा.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दरवर्षी मे महिन्यात आशा सेविका, पोलीस पाटील आणि रुग्णवाहिकेचे चालक यांना एकत्र बसवून पाड्यापाड्याची, ऋतूनुसार बदलणारी वाट लिहून घ्यावी आणि ती यंत्राला द्यावी. फोन केल्यापासून रुग्ण प्रत्यक्ष गाडीत ठेवला जाईपर्यंतचा सारा वेळ मोजावा. यंत्राचा सल्ला डावलण्याचा अधिकार नियंत्रण कक्षातील माणसाकडे असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याच्यावर ठपका येऊ नये. निर्णय चुकला तर उत्तर द्यावयास एक जबाबदार अधिकारी असावा. ‘संगणकाने तसे सांगितले’ हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही. आणि या साऱ्याचे निमित्त करून रस्ते व साकव बांधण्याचे काम लांबणीवर टाकले जाऊ नये. ओढ्यावर साकव नसेल, तर कोणतीही बुद्धिमत्ता गाडीला पैलतीरी नेऊ शकत नाही.

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबई पिते. पावसाळ्यात त्यांची पातळी रोजच्या रोज मोजली जाते, वृत्तपत्रांत छापली जाते, आणि आपण ती चहा घेताना वाचतो. जो पाऊस ही धरणे भरतो, तोच पाड्यांच्या वाटा बुडवितो. धरण किती भरले हे आपल्याला सकाळीच कळते. त्या रात्री कोणता पाडा तुटला, हेही त्याच सकाळी कोणीतरी मोजलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.