यशाचें माप आणि लंडनचा तराजू

कलावंताच्या आयुष्याचा हिशेब मांडतांना आमच्या टीकाकारांच्या हातीं जो तराजू असतो, तो बहुधा लंडनचा असतो. मालाची पारख नंतर. आधीं तराजूवरील छाप पाहावयाचा, अशी ही रीत आहे. बोस्नियांतील हेवी मेटल संगीताचा विषय निघाला, कीं या मंडळींचीं दोन वाक्यें ठरलेलीं असतात. पहिलें, तेथील नामांकित गिटारवादक सेआद लिपोवाचा लंडनला गेला आणि हात हलवीत परतला. दुसरें, वेढ्यांत सांपडलेल्या सारायेव्होंत एक इंग्रज गायक जाऊन गायला, हाच या संगीताच्या तेथील इतिहासांतील सुवर्णक्षण. हीं दोन्ही वाक्यें एकाच चुकीचीं अपत्यें आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम हा मनुष्य कोण तें पाहूं. लिपोवाचाचा जन्म १९५५ सालीं बोस्नियाच्या वायव्य कोपऱ्यांतील, उना नदीकांठच्या बिहाच येथें झाला. चाहते त्याला ‘झेले’ म्हणतात. १९७७ सालीं त्यानें सारायेव्होंत ‘दिव्ल्ये यागोदे’, म्हणजे ‘रानांतल्या स्ट्रॉबेऱ्या’, या नांवाचा वाद्यवृंद उभा केला. पुढल्याच वर्षीं झाग्रेबच्या युगोटोन कंपनीनें या वृंदाची पहिली मोठी तबकडी काढली. १९७९ सालचें ‘क्रिवो ये मोरे’, म्हणजे ‘दोष समुद्राचा’, हें त्यांचें गाणें युगोस्लाव्हियाभर लोकप्रिय झालें. ज्या बोस्नियाच्या वांट्याला जेमतेम वीस किलोमीटरांचा समुद्रकिनारा आला आहे, तेथील एका नदीकांठच्या माणसाच्या वृंदानें साऱ्या देशाला समुद्राचें गाणें गुणगुणावयास लावलें! त्यामागून १९८१ सालीं ‘स्ताक्लेनी होतेल’, १९८२ सालीं ‘मोतोरी’, १९८३ सालीं ‘चारोब्न्यात्सी’ आणि १९८५ सालीं ‘वात्रा’, अशा तबकड्या आल्या. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियन या सर्वांस कळेल अशा भाषेंत, विजेच्या गिटारीच्या जड आणि तापलेल्या नादांत, एका पिढीनें आपलें तारुण्य ऐकलें. एवढें ज्याच्या पदरीं आहे, त्याला अपयशी ठरवावयास पुरावाहि तसाच भक्कम हवा.

तो पुरावा म्हणून लंडन पुढें केलें जातें. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास हा वृंद नशीब काढण्यासाठीं तेथें गेला. नांवाचें शब्दशः भाषांतर होऊन तो ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ झाला, आणि १९८७ सालीं त्याच नांवाची इंग्रजी गाण्यांची तबकडी निघाली. त्यापूर्वींच, १९८६ सालीं, गायक अलेन इस्लामोविच ‘बियेलो दुग्मे’ या सारायेव्होच्याच दुसऱ्या वृंदांत निघून गेला होता. इंग्रजी बाजारांत या तबकडीस जागा मिळाली नाहीं. हें सारें खरें आहे, आणि आम्ही तें झांकून ठेवूं इच्छित नाहीं. परंतु या परीक्षेंत तपासलें काय गेलें, हें कोणी विचारीत नाहीं. बोटें तींच होतीं, गिटारहि तीच होती. जी भाषा त्या स्वरांबरोबर वाढली होती, तेवढी दाराबाहेर ठेवावी लागली. रोपटें उपटून दुसऱ्याच्या अंगणांत लावावें, आणि तें कोमेजलें म्हणून ‘याचें बीजच हलकें’ असा निकाल द्यावा, यांतलाच हा न्याय! १९८८ सालीं ‘कोन्यि’, म्हणजे ‘घोडे’, ही तबकडी घेऊन वृंद आपल्या भाषेंत परत आला. टीकाकार याला माघार म्हणतात. आम्ही याला शहाणपण म्हणतों.

यावर एक आक्षेप हटकून येतो. गिटार परकी, हा नादहि परका. मग त्यांत बोस्नियाचें असें काय आहे? उसन्या वस्तूची किंमत मूळ मालकाच्या दारींच ठरणार, असें हे आक्षेपक म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडीं तरी हें बोलणें शोभत नाहीं. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें आकारास आली. तीच पेटी गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखालीं आली, आणि १९११ सालच्या ‘मानापमाना’ला चाली देणारे टेंबेच होते. तीं पदें चांगलीं कीं वाईट, हें ठरवावयास आपण पॅरिसचे पंच बोलाविले होते काय? वाद्य कोठें जन्मलें हें कारखान्याच्या वहींत पाहावें. तें कोणाचें झालें, हें ऐकणाऱ्यांस विचारावें.

आतां दुसऱ्या वाक्याकडे वळूं. १४ डिसेंबर १९९४ रोजीं ब्रूस डिकिन्सन हा ‘आयर्न मेडन’चा माजी गायक आपले साथीदार घेऊन वेढलेल्या सारायेव्होंत गेला आणि गायला. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत ज्या शहरावर तोफा रोखलेल्या होत्या, तेथें आपण होऊन जाणें सोपें नव्हतें. त्याच्या धैर्यास आम्ही मनःपूर्वक मुजरा करतों. या प्रवासावर चित्रपट निघाला, आणि २०१९ सालीं त्या शहरानें त्याला मानद नागरिक केलें, हें योग्यच झालें. आमची तक्रार त्याच्याविषयीं नाहीं, त्या एका रात्रीवरच थांबणाऱ्या लेखण्यांविषयीं आहे. त्याच १९९४ सालीं ‘दिव्ल्ये यागोदे’ची एक तबकडी निघाली. तिच्या नांवाचा अर्थ ‘हंसा, युद्ध नसेल तेव्हां’ असा आहे. लिपोवाचाचें जन्मगांव बिहाच त्या वेळीं सारायेव्होप्रमाणेंच वेढ्यांत होतें, आणि १९९५ च्या ऑगस्टपर्यंत तें सुटलें नाहीं. एका रात्रीच्या पाहुण्याची कथा जगानें ऐकली. ज्याचें घरच जळत होतें, त्यानें युद्धानंतरच्या दिवसाकडे डोळे लावून तबकडीला दिलेलें नांव मात्र कोणास वाचावेंसें वाटलें नाहीं.

असें कां व्हावें? पहिल्या वाक्यांत बोस्नियाचा कलावंत लंडनला जातो, म्हणून तो मोजला जातो. दुसऱ्यांत लंडनचा कलावंत बोस्नियांत येतो, म्हणून बोस्निया मोजला जातो. दोन्हींकडे पारडें एकच आहे. मधल्या वर्षांत त्या देशानें स्वतः काय वाजविलें, काय ऐकलें, याची नोंद या वहींत कोठेंच नाहीं.

मोठ्या जगाची कसोटी निरुपयोगी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ती एक कसोटी आहे, एकमेव नव्हे. ज्या देशांत हा वृंद उभा राहिला तो देशच नकाशावरून गेला, त्याचा श्रोतृवर्ग एकमेकांवर बंदुका रोखून उभा राहिला, आणि तरीहि २०१३ सालीं त्याच नांवानें या वृंदाची नवी तबकडी निघाली. लंडनच्या पावतीवांचून जो छत्तीस वर्षें वाजवीत राहिला, त्याच्या नांवापुढें ‘अपयशी’ हा शब्द लिहिणाऱ्यानें आधीं त्याची एक तरी तबकडी ऐकावी. आणि डिकिन्सनच्या त्या रात्रीवर पुन्हां लिहावयास बसेल, तेव्हां त्याच सालच्या त्या हंसाविषयींहि चार ओळी लिहाव्या.